बिनदाराची चौकट

आंबेघोळ गावाच्या वरच्या अंगाला, घाटवाटेच्या तोंडाशी एक ओसाड घर आहे. भिंती अजून धड आहेत, चौकट सागवानी आहे, पण तिला दार नाही. घर बघायला आलेल्यांना धाकूकाका गुरव आधीच बजावतात, "आत हवं तिथं फिरा. पण उगाच हाका मारू नका. खाली माणसं कामात असतात." पाहुणे हसतात. मग काका उंबऱ्यावर बसून सांगू लागतात.

फार पूर्वी इथे बाळोजी राहत असे म्हणे. त्याची एकुलती लेक सगुणा घाटापलीकडे दिली होती. त्या काळी या मुलखात एक समज पक्का होता. दिवेलागणीनंतर कुणी हाक मारली, तर तिसऱ्या हाकेशिवाय ओ द्यायची नाही. भूत दोनदाच हाक मारतं, तिसरी माणसाची. ते भूत पाहिलं होतं कुणी? कुणीच नाही. आजा पाळत होता म्हणून बाप पाळत होता, बाप पाळतो म्हणून मुलगा.

एका थंडीत सगुणाच्या सासरी तापाची साथ आली. अंगात ताप घेऊनच ती माहेरच्या वाटेला लागली. घाट उतरेपर्यंत दिवस बुडाला. बाळोजी नुकताच दिवा लावून बसला होता, तोच बाहेरून हाक आली.

"आबा!"

बायको ताडकन उठली. "अहो, सगुणा!"

"थांब. अशा वेळी ते ओळखीचाच आवाज काढतं."

"आबा..."

"माझी पोर आहे ती! सरा बाजूला."

"तिसरी येऊ दे. लगेच उघडतो."

बायकोला मागे सारून तो कडीवर हात ठेवून उभा राहिला. आवाज त्यालाही ओळखू आला होता, असे सांगतात. तिसरी हाक यावी म्हणून तो देवाला विनवत होता. ती आलीच नाही.

सकाळी दार उघडलं, तशी दाराला टेकलेली सगुणा आत कलंडली. पदराच्या गाठीत आबासाठी आणलेला गुळाचा खडा होता.

बाळोजीने ते दार उखडून लेकीच्या चितेवर ठेवलं. दुसरं बसवलं नाही. पुढे तो प्रत्येक आवाजाला ओ देई. कावळा ओरडला तरी ओ, पाचोळा वाजला तरी ओ. टारगट पोरं मुद्दाम ओरडत, "आबा!" म्हातारा धडपडत चौकटीत येई, "आलो गं, आलो!" पोरं पळून जात.

तो गेला, त्या दिवशी कुणा वाटसरूने चौकटीशी हाक मारली. आतून काही आलं नाही. तेव्हा खाली पाणवठ्यावरच्या बायकांच्या तोंडून आपसूक ओ गेली, म्हणे. तिथून या घरातल्या हाकेला गावानं ओ द्यायची रीत पडली.

गोष्ट ऐकूनही एखाद्या पाहुण्याला राहवत नाही. तो आत जाऊन ओरडतोच, "आहे का कुणी?" आणि आजही खालच्या शेतातून कुणीतरी हातचं काम टाकून पहिल्याच हाकेला "ओ!" देतं.

पाहुण्यांचं हसू ओसरतं. काका चौकटीवरून हात फिरवत म्हणतात, "आता सगळं गाव देतं. तेव्हा एकानं द्यायला हवी होती."