मोकळा झालेला साहेब

पुन्हा पुन्हा मलाच कशाला सांगायला लावता? सांगतो, पण मध्ये बोलू नका.

माझी धाकटी बहीण निर्मला आणि आमचे मेहुणे मधुकर बागूल, कारखान्यातले मोठे साहेब, नाशिकरोडहून सातपूरला एकाच स्कूटरवर कामाला जायचे. ती त्यांच्या खांद्याशी तोंड नेऊन वाटभर बोलायची. मग साहेबांनी क्रूझ कंट्रोलची गाडी घेतली. पुढची गाडी थांबली की ही आपोआप थांबते, ती निघाली की निघते. निर्मला मात्र त्या खांद्यासाठी झुरायची.

एका सकाळी साहेब गाडीत म्हणाले, "स्कूटर विकतोय. आता गाडीच सगळं बघते, माणूस मोकळा! स्कूटरवर होतं अन् इथं नाही, असं एक दाखव, नाही विकत."

निर्मला आपली बोलत राहिली. द्वारका चौकाच्या गर्दीत गाडीनं जरा अंतर सोडलं की तिथे रिक्षा घुसायची आणि गाडी गचका देऊन थांबायची. साहेबांचा जीव मुठीत, डोळे काचेला चिकटलेले.

सातपूर आलं तशी तिनं विचारलं, "अहो, वाटेत मी काय काय बोलले?"

साहेब काचेतून पुढंच बघत म्हणाले, "त्या रिक्षावाल्यांचंच ना काहीतरी?"

"स्कूटर तुम्ही चालवायचात, तरी माझं सगळं ऐकायचात. आता गाडी चालते आपली आपण, अन् तुम्ही तिच्यावर पहारा देता. लांबच्या रस्त्याला असू दे ती. रोजच्या वाटेला मला तुम्ही हवे आहात."

स्कूटर राहिली. दुसऱ्या दिवशी दोघं तिच्यावरूनच गेली. पण आदल्या दिवशी गाडीत ही फजिती बघून मागच्या सीटवर मी खो खो हसलो, म्हणून 'अडाणी थेरडा' म्हणत मला भर रस्त्यात खाली उतरवणारा आणि अजून माफी न मागितलेला माणूस म्हणजे मधुकर बागूल.