चिंचेला राजाची मिठी

"आठ दिवसांत ही चिंच सात कवांची करून दाखवा! नाहीतर नवव्या दिवशी कुऱ्हाड!"

हैबतराजांनी बग्गीतूनच हुकूम सोडला आणि जांभूळखोऱ्याचे पाटील जागच्या जागी गारठले.

महाराजांचा राग खरं तर पगडीवरून होता. चिंचेच्या आडव्या फांदीने भर बाजारात ती अलगद उचलली होती आणि सगळा बाजार खो-खो हसला होता. चूक फांदीची, की बग्गीत उभं राहून मुजरे घेण्याच्या हौसेची, हे राजाला कोण विचारणार?

पण झाड तोडायला महाराजांच्या पणजोबांचा हुकूम आडवा येत होता. तो वेशीवरच्या शिळेवर कोरलेला होता: सात कवांचं झाड आणि त्याच्या सावलीतलं सगळं, कुणी हलवू नये. कव म्हणजे खोडाला मारलेली एक मिठी. चिंचेच्या सावलीत पार होता, जुना वीरगळ होता, गुरांना पाणी पाजायची दगडी डोणी होती. म्हणून महाराजांनी आधीच राजवाड्यातला पैलवान मापाला पाठवला होता. तो मिठ्या मारत खोडाभोवती फिरला आणि पाचव्या मिठीतच सुरुवातीच्या खुणेला येऊन टेकला.

पाच! म्हणजे झाड गेलं, पार गेला, डोणीही गेली. पाटील पाया पडले, म्हणून महाराजांनी थट्टेनेच ही आठ दिवसांची मुदत दिली.

हे ऐकून भिवरा शिंपिणीने हातातली सुई खाली ठेवली. लग्न होऊन आली तेव्हापासून ती त्या पारावर बसून शिवत होती. तिचं दुकान, तिचं माहेर, सगळं तो पारच. महाराजांचा दसऱ्याचा अंगरखासुद्धा दरवर्षी तिथेच शिवला जाई. ती दोन दिवस रडली. तिसऱ्या दिवशी अंगरख्याची मापं चाळता चाळता एकदम थांबली आणि खुदकन हसली.

"पाटील, महाराजांना निरोप धाडा. चिंच सात कवांची व्हतीया म्हणावं!"

"भिवरे, खुळी का काय तू? झाड हाय ते, कणीक न्हवं फुगायला!"

"तुमी निरोप तर धाडा!"

आठव्या दिवशी महाराज आले. त्यांनी चिंचेकडे वरून खाली पाहिलं. चिंच होती तशीच होती.

"काय गं, कुठं वाढलीय ही?"

"मोजल्याबिगर कसं कळंल, म्हाराज?"

पैलवान दंड थोपटत पुढे आला. भिवराने त्याला हातानेच थांबवलं.

"म्हाराज, बाजारात मी कापड कुणाच्या हातानं मोजती?"

"आमच्या! राज्याभिषेकाला आमचा हात मोजून लोखंडी पट्टी ठोकलीय पेठेत."

"आन शेत कुणाच्या पावलानं मोजत्यात?"

"आमच्याच!"

"मग झाड त्येवढं पैलवानाच्या कवेनं का? उद्यापासनं मुजराबी त्येलाच करायचा का आमी?"

पैलवान चार पावलं मागे सरला.  राज्यात दुसऱ्या कुणाचं माप चालतं असं महाराज म्हणणार तरी कसं? त्यांनी शेला दिवाणाकडे दिला आणि ते ऐटीत चिंचेला भिडले.

भिडलं ते आधी पोट! छाती खोडापासून वीतभर लांबच राहिली आणि हात दोन्ही बाजूंना जेमतेम सालीला टेकले. भिवराने बोटांच्या टोकांशी खडूने खुणा केल्या.

"येक!" गाव ओरडलं.

महाराज सरकले, पुन्हा पोट टेकलं. दोन, तीन, चार... पाचव्या कवेला त्यांनी श्वास आत ओढून पाहिला.

"आसं न्हाई चालायचं, म्हाराज! माप घेताना सरळ श्वास घ्यायचा, दर दसऱ्याला सांगती मी!"

सहा झाल्या. सात झाल्या. पहिली खूण अजून लांबच होती. आठव्या कवेला महाराज तिथे पोचले तेव्हा ते घामाने निथळत होते आणि मिशीला मुंगळा लागला होता.

"खरं सांग," महाराज धापा टाकत म्हणाले, "आठ दिवसांत झाड वाढलं कसं?"

"झाड हाय तेवढंच हाय, म्हाराज. वाढलंय ते दुसरंच. दर वर्साला अंगरखा चार बोटं सैल करती मी, मला ठावं!"

पाटलांनी डोळे गच्च मिटून घेतले. दिवाण आभाळाकडे बघू लागले. महाराजांनी आपल्या पोटाकडे पाहिलं, खडूच्या आठ खुणांकडे पाहिलं, आणि गडगडाट करून असे हसले की चिंचेवरचे पोपट उडाले!

त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढून भिवराच्या हातावर ठेवलं.

"दिवाणजी, लिहून घ्या! चिंचेला, पाराला, डोणीला कुणी बोट लावायचं नाही. बग्गीचा रस्ता वळसा घालून काढा. आणि यापुढे राज्यातलं प्रत्येक जुनं झाड आमच्याच कवेनं मोजायचं!"

भिवराने कडं कपाळाला लावलं.

"मग येक इनंती हाय, म्हाराज. ताटातलं तूप तेवढं कमी करू नगा!"

महाराज पुन्हा हसत सुटले, आणि हसता हसता चिंचेलाच टेकले.