नवशीच्या खिंडीत नगारा का थांबतो

आडमाळाच्या तोंडाशी एक अरुंद खिंड आहे. तिला नवशीची खिंड म्हणतात. खिंडीच्या उजव्या हाताला तांब्याचा एक भलामोठा नगारा पालथा पडला आहे. त्याचं चामडं केव्हाच गेलं, भांडं हिरवं पडलं. नवखा पाहुणा त्यावर टिचकी मारायला जातोच. मग लहानू मेंगाळ, वाट दाखवणारा म्हातारा, त्याचा हात धरतो. "हां हां, त्याला वाजवायचा नाय," म्हणतो, सगळ्यांना दगडावर बसवतो आणि सांगू लागतो.

फार मागची गोष्ट म्हणे. खाली रायवडीला सिंघोजी नावाचा राजा होता. माणूस वाईट नव्हता, पण हट्टी. सरदारांच्या भांडणांनी राज्याच्या चिंध्या झालेल्या त्याने पाहिल्या होत्या, म्हणून सगळीकडे एकच रीत असावी असं त्याने मनावर घेतलं. दसऱ्याला ऊन कललं की गावोगाव राजाचा नगारा वाजायचा. जिथे वाजणार नाही ते गाव फितूर. हुकूम अगदी साधा होता, आणि देणाऱ्याला तो नेहमी साधाच वाटतो.

वर आडमाळावर ठाकरांची मोजकी घरं होती. पंचांत शब्द चालायचा तो नवशीचा. बाई विधवा, अंगाने काटकुळी, बोलायची कमी. त्या साली कारवी फुलली होती. कारवी वर्षानुवर्षं थांबते आणि मग एकदम सारा डोंगर जांभळा करून सोडते. अशा साली आग्या माश्या येऊन खिंडीच्या कड्याला लोंबतात. तेवढे दिवस माळ मुका होई. ढोल नाही, कुऱ्हाड नाही, लग्नंसुद्धा पुढे ढकलायची. त्या मधावर खालून मीठ यायचं, कापड यायचं. मोहोळ उठलं की माळही उठला, मग पोरंबाळं घेऊन दुसऱ्याच्या दारी राबायचं. म्हणून त्या दसऱ्याला आडमाळावर नगारा वाजला नाही.

राजाचे कान भरणारे काय, पैशाला पासरी. 'ठाकर माजले' एवढंच त्याला ऐकवलं गेलं. हे मौन म्हणजे त्यांची पूजा आहे, हे रायवडीत कुणाच्या स्वप्नातही आलं नाही. बैलावर नगारा लादून राजा जातीने निघाला.

नवशी खिंडीत एकटीच उभी राहिली. ती भ्याली नव्हती असं माळावर कुणी सांगत नाही. पण वाटेतून ती हलली नाही.

"राजा, वर मोहोळं हायती. आज नगं वाजवू," ती हळू आवाजात म्हणाली.

"माझ्या राज्यात माझाच नगारा वाजायचा नाही?" असं म्हणून सिंघोजीने टिपऱ्या स्वतःच्या हातात घेतल्या.

खिंड दणाणली आणि कडा सुटला. माश्यांनी ऊन झाकलं. शिपाई वाट फुटेल तिकडे पळाले, राजा मात्र ठेचकाळून पडला. नवशीला फक्त मागे सरून कारवीत शिरायचं होतं. राजा संपला असता, हुकूमही संपला असता. हे तिला उमगलं नव्हतं असं नाही. तिने खांद्यावरची घोंगडी त्याच्यावर टाकली, वरून स्वतः पालथी पडली आणि आपली पाठ माश्यांना दिली. आणि ऐका, ती ओरडली नाही. हंगाम मुकेपणाचा होता, तो तिने मोडला नाही.

सारं शांत झाल्यावर राजा घोंगडीखालून निघाला. माश्यांखाली तिचं लुगडं दिसत नव्हतं. तो गुडघ्यांवर बसला. "काय हवं ते माग," एवढंच त्याला बोलता आलं.

"मागत काय नाय. आमी तुझीच हाव. लढाईला हाक मार, खाली येव. पर माळावर कवा वाजवायचं न् कवा गप ऱ्हायचं, ते माळाला ठरवू दे."

एवढं बोलून तिने प्राण सोडला. तेव्हा तिच्या अंगावरच्या माश्या एकदम उठल्या. उठलेलं मोहोळ त्याच जागी सहसा परतत नाही, पण या माश्या कड्याकडे परत गेल्या आणि होत्या तशा लोंबल्या. माघारी आलेल्या शिपायांचे हात आपोआप जोडले गेले, असं सांगतात.

राजाने नगारा तिथेच पालथा घातला. खिंडीच्या वर जमीन, न्याय, सण सगळं माळाचे पंच ठरवतील आणि मीही विचारून येईन, अशी त्याने आण घेतली. कारभारी कुजबुजला, "महाराज, अशाने राज्य तुटेल." राजा म्हणाला, "जी माझ्यावर आडवी पडली, ती तुटलेली होती का?"

आजही रायवडीची पालखी दसऱ्यानंतर वर निघते. खिंडीत वाजंत्री थांबते, मानकरी पागोटं काढून हाक देतो, "माळा, येऊ का?" वरून एखादी बाई "या" म्हणेपर्यंत देवासकट सगळे उभे राहतात. पाहुण्यांना हा नुसता मान वाटतो. पण लहानूच्या लहानपणी एका साली माळावर गोवराची साथ होती, आणि वरून उत्तर आलं, "औंदा नगं." रायवडीची तरणी मंडळी कुरकुरली. मानकऱ्याने पागोटं पुन्हा डोक्यावर ठेवलं, खिंडीला हात जोडले आणि म्हणाला, "चला." देव तसाच माघारी गेला. नवशी फुकट मेली नाही, हे माळाला खरं कळलं ते त्या दिवशी.