बंद मशीनचं बटण

“बंद केलेलं मशीन पुन्हा चालू कशाला करायचं?”

रंगराव इंगवले चिडले होते. साखर कारखान्यात चौतीस वर्षं मुख्य इंजिनियर. निवृत्तीनंतर घरामागच्या शेडमध्ये त्यांनी लाकूड कापायची करवत बसवली होती. शिकवायला यायची वैजयंता सुतार. वय सव्वीस.

पातं बदलायला मात्र अजून तिलाच बोलवावं लागायचं. ते रंगरावांना फार लागत होतं.

“आज नीट जमलं, तर पुढे मी येणार नाही,” ती म्हणाली होती.

“मशीनचं बटण बंद केलं,” रंगरावांनी पाढा म्हटल्यासारखं सांगितलं. “भिंतीवरचा मेन स्विच खाली ओढला. त्याला कुलूप घातलं. किल्ली खिशात. आता पातं काढतो.”

“पाना खाली ठेवा, काका. लांब उभे राहा. आणि चालूचं बटण दाबा.”

“अगं, वीजच नाही! दाबून काय होणार?”

“काही होणार नाही. दाबा.”

“तू जन्मलीही नव्हतीस तेव्हा मी अख्खा कारखाना बंद करून पुन्हा सुरू करत होतो.”

“हो. दाबा.”

…

त्यांनी दाबलं. तिला एकदाचं गप्प करायला.

करवत गर्रकन फिरली.

रंगरावांचा हात तसाच राहिला. वैजयंताने पुढे होऊन लाल बटण दाबलं. पातं पूर्ण थांबल्यावर तिने भिंतीकडे बोट दाखवलं.

भिंतीवर दोन मेन स्विच होते. एकावर चिठ्ठी ‘करवत’, दुसऱ्यावर ‘ग्राइंडर’. दोन्ही चिठ्ठ्या रंगरावांनी स्वतः लिहून चिकटवल्या होत्या. ह्याची त्याला, त्याची ह्याला.

“हे मीच…”

“अक्षर छान आहे तुमचं.”

रंगराव हसले नाहीत. त्यांनी कुलूप काढलं. दुसरा स्विच खाली ओढला, त्याला कुलूप घातलं. चिठ्ठ्या बदलल्या. मग मशीनपासून हातभर लांब उभे राहिले आणि कोणी न सांगता चालूचं बटण दाबलं.

काही नाही.

पुन्हा दाबलं.

काही नाही!

मशीन सुरू न झाल्याचा आनंद त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच झाला. लाल बटण दाबून त्यांनी मागे पाहिलं.

वैजयंता दारात चपला घालत होती.

“अगं, पातं बदलायचंय अजून!”

“बदला की. मी कशाला थांबू?”

त्यांनी पाना उचलला. क्षणभर घुटमळले.

“तुझ्या घरच्या मशीनवर तूसुद्धा असंच दाबून बघतेस?”

“दरवेळी.”

“कधी सुरू झालं?”

“एकदाही नाही.”

“मग?…”

“संध्याकाळी भजनात पेटी वाजवायची असते, काका,” तिने दहाही बोटं हलवून दाखवली.