कोठाराखालचा अजगर

एकदा काय झालं, डोंगरापलीकडच्या राज्यात रत्नशेखर राजा होता. त्याची राणी केवडा. धान्याच्या कोठाराची किल्ली तिच्या कमरेला असायची. आणि त्या कोठाराखाली, बरं का, एक भलामोठा अजगर झोपलेला होता. वर धान्याचं ओझं असेल तोवर तो गाढ झोपायचा. ओझं कमी झालं की चाळवायचा.

राजा मोठा मायाळू. तो म्हणाला, "प्रजेनं पिकाचा चौथा वाटा कर म्हणून का द्यावा? आठवा पुरे." लोक खूश झाले. पडीक रानंही त्यांनी नांगरली.

"बघ राणी, पीक वाढलं. कोठार आपोआप भरेल."

पीक वाढलं खरं, पण दुप्पट काही झालं नाही. कोठारात कमीच आलं. जमीन थरथरली. राणीनं ओळखलं, अजगर चाळवला.

मग राजानं तलाव खोदायला घेतला. मजुरांना धान्य गेलं. पुन्हा जमीन थरथरली, उतरंड कोसळली.

"महाराज, येणं घटलंय आणि जाणं वाढलंय," राणी म्हणाली.

"पुढच्या सुगीला भरून निघेल."

मग राजानं हत्तींसाठी महाल बांधायला काढला. आणखी धान्य गेलं. राणी रोज कोठारात जमिनीला कान लावायची. खालून श्वास ऐकू यायचा. तिला घास गोड लागेना. एका सकाळी फरशी तडकली, आणि भेगेतून एक पिवळा डोळा वर बघू लागला.

राणी पळाली नाही. पदर खोचून, आपलंच ओझं घालून ती भेगेच्या कडेवर बसली आणि राजाला बोलावणं धाडलं. राजानं तो डोळा पाहिला. तो राणीकडे वळला.

"आता काय करू?"

"महाल थांबवा. तलाव होऊ द्या, त्यावर पुढं पीक येईल. आणि लोकांना खरं ते सांगा."

मग राजा गावात गेला. म्हणाला, "माझं चुकलं. आठव्या वाट्यात भागत नाही. चौथा नको, सहावा द्या."

लोक कुरकुरले. मग म्हातारी गिरजाबाई म्हणाली, "देऊ. पण हत्तीच्या महालाला नाही." राजानं मान डोलावली.

घराघरांतून पोती आली. पोत्यामागून पोतं पडलं, तसा तो डोळा जडावला आणि मिटला. तेव्हा कुठे राणी उठली. तिला धड उभं राहवेना, राजानं हात दिला.

पुढं तलाव भरला, कोठार भरलं, सगळे सुखानं नांदले. हत्तीसुद्धा, बरं का, वडाखाली मजेत राहिले. झाली गोष्ट. ओढा आता पांघरूण, मिटा डोळे.