एका ठिपक्यावर अकरा धनगरवाडे

“सगळ्या वस्त्या आल्या व्हय ह्यात?” गैबूबाबांनी विचारलं.

“सगळ्या. दोनशे बाराच्या दोनशे बारा,” शर्वरी म्हणाली आणि तिनं लॅपटॉप त्यांच्याकडं वळवला.

घाटाच्या तोंडाशी दर्गा आहे, त्याच्या मागं बाबांची खोली. म्हातारा फकीर, शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. पण चांगली शिकलीसवरली माणसं नवं काम हातात घेतलं की आधी त्यांच्यापुढं येऊन बसतात. शर्वरी मगदूम तर लहानपणापासून वडिलांचं बोट धरून यायची. आता ती नकाशांचं काम करते. त्या दिवशी मी तिथंच चटया झाडत होतो, म्हणून हे सांगू शकतो. बाबा आपणहून कुणाला काही सांगतील? नाव नको.

“हे लाल ठिपके म्हणजे लांबच्या वस्त्या, बाबा. दवाखान्यापासून दहा किलोमीटरच्या पलीकडच्या. हिरवे म्हणजे जवळच्या. पावसाळ्याआधी चार फिरती पथकं नेमायची आहेत. डॉक्टर, नर्स, गाडी, सगळं. जिथं लाल ठिपके जास्त तिथं पथक. एक वाजता आरोग्य खात्याच्या साहेबांपुढं हाच नकाशा ठेवायचाय.”

“तू काढलास?”

“एआयकडून काढून घेतला. मी नुसतं सांगितलं, यादीतली प्रत्येक वस्ती शोध आणि दवाखान्यापासूनचं अंतर काढ. त्यानं भराभरा कोड लिहिला. आमच्या ऑफिसात ह्याला दोन महिने लागले असते. चाळीस मिनिटं लागली, बाबा!”

तिचा चेहरा फुलला होता. नकाशा देखणा झाला होता, खोटं कशाला बोला.

“वाचलंस?”

“काय?”

“त्यानं लिव्हलं त्ये.”

“वाचायचं काय त्यात? चाललं ना व्यवस्थित. एकही चूक दाखवली नाही.”

बाबांनी उंबऱ्याकडं पाहिलं.

उंबऱ्याशी धुळू झोरे बसला होता. डोंगरमाथ्याच्या सड्यावरच्या चिखलगे धनगरवाड्यातला म्हातारा. धाकट्या सुनेला सातवा लागला होता, तिच्यासाठी ताईत मागायला आला होता. गेल्या आगोटीला, पाऊस तोंडावर असताना, थोरल्या सुनेला डोलीतनं खाली आणताना ती वाटेतच गेली, पोटातल्या लेकरासकट. तेव्हापासून आभाळ भरून आलं की तो दर्ग्याची वाट धरायचा.

“धुळू, तुझा वाडा कुठं हाय बघ की ह्यात.”

धुळू सरकत पुढं आला. शर्वरीनं नाव टाईप केलं. नकाशा सर्रकन सरकला आणि एका हिरव्या ठिपक्यावर थांबला.

“हा बघा, मामा. तुमचा वाडा.”

“आनि ही मोठी इमारत कशाची?” धुळूनं विचारलं.

“तालुक्याचा सरकारी दवाखाना. तुमच्यापासून तीनशे मीटर...” ती बोलता बोलता अडखळली.

धुळू खोखो हसला. “आयला! दवाखाना दारात हाय व्हय माझ्या? मग कोंबडं आरवल्यापासनं म्या चालतोय त्ये कुठनं?”

मलाही हसू आलं. पण शर्वरी हसली नाही, आणि बाबाही हसले नाहीत.

तिनं ठिपका मोठा करून पाहिला. तो एक ठिपका नव्हताच. एकावर एक रचलेले अकरा होते. अकराही धनगरवाडे. सगळे तालुक्याच्या गावात, दवाखान्याला खेटून.

तिनं घाईघाईनं एआयला विचारलं. उत्तर लगेच आलं. ते तिनं मोठ्यानं वाचलं, म्हणून मला कळलं.

“अकरा वस्त्या नावानं सापडल्या नाहीत. त्यांच्यासाठी तालुक्याच्या गावाची जागा धरली आहे. पहिल्याच उत्तरात तशी सूचना दिली होती. अंतरं वापरण्याआधी कृपया तपासून घ्या.”

ती बोटानं वर वर सरकवत गेली. सूचना होती. चांगली ठळक होती.

“म्हंजे त्यानं सांगितलं हुतं,” बाबा म्हणाले.

“हो.”

“आनि तू?”

शर्वरीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जे अकरा वाडे सगळ्यांत लांब, तेच तिच्या नकाशात सगळ्यांत जवळ होते. त्यांच्या वाट्याला पथक आलंच नसतं. एकदा धुळूकडं पाहून तिनं मान खाली घातली ती वर करेना.

मग एकदम सावरून बसली.

“सोपं आहे, बाबा. हे अकरा काढून टाकते. दोनशे एक वस्त्यांचा नकाशा अगदी बरोबर आहे. दोन मिनिटांचं काम.”

बाबा उठले. खुंटीवरची हिरवी चादर काढली आणि धुळूच्या डोक्यावरून पार पायापर्यंत पांघरली. म्हातारा बिचारा तसाच बसून राहिला.

“झालं बरोबर?” बाबांनी तिला विचारलं.

तिनं लॅपटॉप बाजूला सरकवला.

“दिसतोय का?”

“नाही.”

“मग गेला कुठं?”

“हितंच हाय की ओ म्या,” चादरीखालून धुळू म्हणाला. “गुदमराय लागलंय.”

शर्वरीनं झटकन उठून चादर ओढून काढली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते तिनं लपवलंही नाही.

“मग काय करू, बाबा? एआयला त्या वाड्यांची जागा माहीत नाही, मलाही नाही. मामांबरोबर वर जाऊन यायचं म्हटलं तरी दिवस जाईल. आणि ते झालं फक्त एका वाड्याचं. मीटिंगला दोन तास राहिलेत.”

“ठावं न्हाई न्हवं?”

“नाही.”

“मग तसंच लिही.”

“नकाशावर?”

“तर कुठं?”

ती खाली बसली. लॅपटॉप पुढं ओढून तिनं दवाखान्याजवळचे अकरा ठिपके उचलले. नकाशाच्या कडेला मोकळी जागा होती. तिथं अकरा नावं एकाखाली एक लिहिली, आणि वर मोठ्या लाल अक्षरांत लिहिलं : ह्या वस्त्या कुठं आहेत ते आम्हाला माहीत नाही.

धुळूला वाचता येत नव्हतं. तिनं त्याच्या वाड्याच्या नावावर बोट ठेवून दाखवलं. त्यानं ते नाव अंगठ्यानं चाचपून पाहिलं.

देखणा नकाशा पार बिघडला होता. मलाही तो बघवेना.

“साहेब सगळ्यांसमोर माझी खरडपट्टी काढतील,” ती म्हणाली. “म्हणतील, एवढा गाजावाजा केलास आणि अपुरा नकाशा घेऊन आलीस? पुढचं काम मिळायचं नाही मला, बाबा.”

“न्हाई मिळणार कदाचित.”

“निदान ती लाल ओळ तरी बारीक करू का? नकाशा पुरा तरी दिसेल...”

बाबा धुळूसाठी ताईताची गाठ मारत होते. ती मारून झाल्यावर त्यांनी मान वर केली.

“पुरा दिसला, तर तिकडं जाईल कोण?”