शिक्क्याचा किलो

फार पूर्वी, लोक शेराने सामान घेत तेव्हा, धोंडूशेठ वाण्याच्या पारड्यात एक लोखंडी शेर ऐटीत बसायचा. गुळाच्या वासात त्याचे दिवस सुखात गेले. मग सरकारचा हुकूम निघाला. शिक्का मारलेला किलो पारड्यात बसला आणि शेर गच्चीवर गेला, पापडांची चादर उडू नये म्हणून.

“हलका झालास वाटतं?” किलोने हिणवलं होतं.

“नाही बाबा, हुकूम बदलला.”

बऱ्याच वर्षांनी दुकानात इलेक्ट्रॉनिक काटा आला, आणि किलोही गच्चीवर आला.

“कालपर्यंत मी म्हणेन तेच खरं होतं रे!” तो रडवेला झाला.

शेराला गुळाचा वास आठवला. “माझंही तसंच होतं,” तो म्हणाला. “चल, तो कोपरा धर. वारा शिक्का बघत नाही, नुसतं वजन बघतो.”